आकडा एकच, धाप वेगळी

दोघांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार. दोघांच्या स्पायरोमेट्रीत, म्हणजे जोरात फुंकून करायच्या श्वासाच्या तपासणीत, पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा अपेक्षेच्या निम्मीच. तरी एक जण हळूहळू का होईना, जिना चढतो. दुसऱ्याला अंघोळीनंतर टेकावं लागतं. धाप एकट्या फुप्फुसातून येत नाही, म्हणून असं होतं.

धाप लागते म्हणून माणूस चालणं टाळतो. मग मांड्यांचे स्नायू झिजतात. असे स्नायू थोड्याशा श्रमातही लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात आणि श्वासाचा वेग वाढतो. श्वासनलिका अरुंद झालेल्या असल्यामुळे आतली हवा पुरती बाहेर पडण्याआधीच पुढचा श्वास घ्यावा लागतो. हवा छातीत कोंडते, श्वासपटल, म्हणजे छातीच्या तळाचा श्वासाचा स्नायू, सपाट होऊन दमतं. त्यात माणूस घाबरला की श्वास आणखी उथळ आणि जलद होतो.

म्हणूनच 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन'चा परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. साधारण 6 ते 12 आठवडे देखरेखीखाली व्यायाम आणि श्वासाचं तंत्र शिकवलं जातं. त्यानंतर स्पायरोमेट्रीचा आकडा जवळपास तिथेच असतो, पण धाप कमी होते आणि चालण्याचं अंतर वाढतं. हे काम फिजिओथेरपिस्टचं. गोळीने ते होत नाही.

फुप्फुसतज्ज्ञ अल्वार अगुस्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये मांडलेला विचार याच दिशेचा आहे: आजाराच्या नावापाशी न थांबता या रुग्णात उपचार करण्याजोगं काय काय आहे, ते शोधायचं. रक्तात इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी मायक्रोलिटरला 300 किंवा जास्त असतील, तर इनहेलरमधल्या स्टेरॉइडचा फायदा होण्याची शक्यता चांगली. 100 पेक्षा कमी असतील, तर फारशी नाही, उलट न्यूमोनियाचा धोका वाढतो. वजन घटत असेल तर आहारतज्ज्ञ हवा, नैराश्य असेल तर समुपदेशक. हृदय आणि हाडंही तपासायला हवीत.

इनहेलरची गोष्ट तर अगदी साधी, तरी सर्रास सुटणारी. पावडरचा इनहेलर जोरात ओढायचा असतो, फवाऱ्याचा सावकाश. ज्याच्यात जोरच उरलेला नाही, त्याची पावडर घशातच राहते. अशा वेळी डोस वाढवण्याआधी कुणीतरी समोर बसून त्याला इनहेलर घ्यायला लावून पाहावं.

घरच्या ऑक्सिजनचंही तसंच. विश्रांतीतही रक्तातला ऑक्सिजन फार कमी असेल, तर दिवसाकाठी किमान 15 तास घेतल्याने आयुष्य वाढतं. रक्तातला ऑक्सिजन पुरेसा असेल, तर निव्वळ धापेसाठी सिलिंडर लावून सहसा विशेष फरक पडत नाही. तिथे पुन्हा पाय, श्वास आणि भीती यांच्यावरच काम करावं लागतं.