स्लाइडमधली हालचाल: इफेक्ट आधी आले, शिस्तीची साधने मागाहून

मुद्दे एकेक करून उघड करण्याची रीत संगणकाआधीची आहे. ओव्हरहेड प्रोजेक्टरवर पारदर्शिकेवर (मजकूर असलेल्या पारदर्शक पानावर) कोरा कागद ठेवून तो ओळीओळीने खाली सरकवत. ३५ मिमी स्लाइडमध्ये पाच मुद्दे एकामागून एक दाखवायचे तर पाच स्लाइड बनवाव्या लागत, प्रत्येकीत एक ओळ जास्त. प्रत्येक पायरीला खर्च होता, म्हणून पायऱ्या मोजूनमापूनच ठेवल्या जात. हालचालही एकच: नवी ओळ दिसते. एकसारखेपणा मुद्दाम सांभाळावा लागत नसे.

फोरथॉट कंपनीने १९८७ साली मॅकिंटॉशसाठी आणलेले पॉवरपॉइंट मुख्यतः पारदर्शिका छापण्यासाठी होते. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ती कंपनी घेतली. १९९२च्या तिसऱ्या आवृत्तीत सादरीकरण थेट संगणकावरून दाखवता येऊ लागले आणि स्लाइड बदलतानाची ट्रान्झिशनही आली. पायरी फुकट झाली आणि मोजमाप सुटले. पॉवरपॉइंट ९७च्या टूलबारवर तर लेझरच्या आणि टाइपरायटरच्या आवाजासह अक्षरे आणणारी बटणेच होती. ती दाबण्याचा मोह फार थोड्यांना आवरला.

२००२ची आवृत्ती निर्णायक ठरली. इफेक्टचे एन्ट्रन्स (वस्तू येते), एम्फसिस (उठून दिसते), एक्झिट (जाते) आणि मोशन पाथ (आखलेल्या वाटेने सरकते) असे चार गट झाले आणि प्रत्येक वस्तूवर कितीही इफेक्ट चढवता येऊ लागले. घोळ इथेच आहे. फॉन्ट आणि रंग थीममध्ये राहतात, एका जागी बदलले की सगळीकडे बदलतात. ॲनिमेशन मात्र त्या त्या वस्तूला चिकटलेले असते. यावर उपाय म्हणून त्याच आवृत्तीत ॲनिमेशन स्कीम होत्या: शीर्षक, मजकूर आणि ट्रान्झिशन यांचा एक तयार संच, सगळ्या स्लाइडना एकदम लावता येणारा. २००७मध्ये त्या काढून टाकल्या. कल्पना चांगली होती, संच भडक होते.

२०१०मध्ये ॲनिमेशन पेंटर, म्हणजे इफेक्टची नक्कल उतरवणारे बटण, आले. इफेक्ट असलेली वस्तू निवडून पेंटरवर डबल-क्लिक केले की ओळीने अनेक वस्तूंवर तोच इफेक्ट, तोच कालावधी उतरवता येतो; थांबायला एस्केप. पण ही नक्कल आहे, नाते नव्हे. मूळ वस्तूचा कालावधी नंतर बदलला तर बाकीच्या जुन्याच राहतात, आणि लक्ष्य वस्तूवर आधी असलेले इफेक्ट पुसले जातात.

खरे नाते फक्त स्लाइड मास्टरमध्ये, म्हणजे सगळ्या स्लाइडच्या मूळ साच्यात, मिळते. त्यातल्या लेआउटमधल्या (मांडणीतल्या) प्लेसहोल्डरला, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या चौकटीला, इफेक्ट दिला की त्या लेआउटच्या सगळ्या स्लाइड तो घेतात. दोन ठिकाणी अडते. हाताने काढलेली टेक्स्ट बॉक्स प्लेसहोल्डर नसते, त्यामुळे तिला काहीच मिळत नाही. निम्मा मजकूर फेड होत (हळूहळू उमटत) येतो, निम्मा आधीच उभा असतो. शिवाय मास्टरचे इफेक्ट स्लाइडच्या स्वतःच्या इफेक्टआधी चालतात. चित्र मजकुराच्या आधी हवे असेल तर मास्टरचे इफेक्ट त्या स्लाइडवर उतरवून घ्यावे लागतात, आणि मग ते नाते तुटते.

वेगाचा वारसाही त्रास देतो. २००७पर्यंत सहसा ठरलेले पाच वेग यादीतून निवडत: ०.५, १, २, ३ आणि ५ सेकंद. नंतर कालावधी सेकंदाच्या शतांशापर्यंत लिहिणे सोपे झाले. जुन्या फाइलमधून आणलेली स्लाइड आपले दोन सेकंद सोबत घेऊन येते आणि अर्ध्या सेकंदाच्या शेजाऱ्यांत अडखळल्यासारखी वाटते. स्लाइड एकत्र केल्यावर ॲनिमेशन पेनमध्ये (इफेक्टच्या यादीत) कालावधी तपासणे म्हणूनच गरजेचे. मजकुराला ०.५ सेकंदाचा फेड बहुतेक कामांना पुरतो.

ॲपलच्या कीनोट या सादरीकरणाच्या प्रोग्रामने २००९च्या आवृत्तीत मॅजिक मूव्ह आणले. पॉवरपॉइंटमध्ये २०१५च्या अखेरीस मॉर्फ आले. दोन्हींत वस्तूला वेगळा इफेक्ट देत नाहीत: स्लाइडची प्रत काढायची, वस्तू हलवायची, मधली हालचाल प्रोग्राम भरतो. मॉर्फला जोडी ओळखता आली नाही की वस्तू सरकण्याऐवजी विरघळते; तेव्हा सिलेक्शन पेनमध्ये (स्लाइडवरच्या वस्तूंच्या यादीत) दोन्ही वस्तूंना दोन उद्गारचिन्हांनी सुरू होणारे एकच नाव द्यावे. मॉर्फ नसलेल्या जुन्या आवृत्तीत मात्र त्या जागी साधा फेडच दिसतो.