घेवड्याचे पाणी आणि ‘ताण’ या शब्दाचा घोळ

घेवडा, म्हणजेच बाजारातला राजमा, मेक्सिकोत आणि अँडीजच्या उतारांवर स्वतंत्रपणे लागवडीखाली आला आणि तिथे बहुतांशी पावसावरच वाढला. पाण्याचा हिशेब मांडण्याची वेळ आली ती विसाव्या शतकात, अमेरिकेच्या पश्चिमेकडील आयडाहो, नेब्रास्का यांसारख्या राज्यांत हे पीक सऱ्यांतून पाणी देऊन घेतले जाऊ लागले तेव्हा. तिथल्या शेतकऱ्यांना कमी पाण्याइतकीच जास्त पाण्याचीही धास्ती होती, कारण ओल साचली की मूळकूज आणि पांढरी बुरशी येते.

आजच्या बहुतेक शिफारशींमागे १९७९ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने प्रसिद्ध केलेले कोष्टक उभे आहे. त्यात घेवड्याची पाण्याची गरज हंगामाला ३०० ते ५०० मिलिमीटर धरली होती आणि पाणी तुटल्यास उत्पादन किती घटते, याचे गुणांक अवस्थेनुसार दिले होते: शाकीय वाढीत (फुलोऱ्याआधी, पाने-फांद्या वाढताना) ०.२, फुलोऱ्यात १.१, शेंगा भरताना ०.७५ आणि संपूर्ण हंगामासाठी १.१५. म्हणजे फुलोऱ्यात पिकाच्या बाष्पपर्णोत्सर्जनात, म्हणजे जमिनीवरून उडणारे आणि पानांतून जाणारे मिळून एकूण पाणीवापरात, दहा टक्के तूट आली, तर उत्पादन सुमारे अकरा टक्के घटते. तीच तूट सुरुवातीला आली, तर घट दोनच टक्के.

वाद या ०.२ भोवती आहे. डाळिंब आणि संत्र्याच्या बागांमुळे मराठी शेतकऱ्याला ‘ताण देणे’ ही मुद्दाम करायची, बहर आणणारी गोष्ट म्हणून ठाऊक आहे. घेवड्याच्या बाबतीत मात्र ‘ताण बसणे’ म्हणजे निव्वळ नुकसान. दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे ०.२ हा आकडा सुरुवातीला पाणी तोडण्याचा परवाना वाटू शकतो, आणि तसा तो मुळीच नाही. हा गुणांक पिकाने प्रत्यक्ष वापरलेल्या पाण्याशी जोडलेला आहे, पाटातून सोडलेल्या पाण्याशी नव्हे. शिवाय पुढच्या अवस्थांत पाणी पुरेसे मिळेल, हे त्यात गृहीत आहे. भारी काळ्या जमिनीत एक पाळी चुकली तरी पीक जमिनीतल्या ओलीवर निभावते. हलक्या जमिनीत तीच चूक फुलगळीपर्यंत पोहोचते. कालव्याचे आवर्तन पिकाच्या फुलोऱ्याची वाट पाहत नाही, हे तर कोष्टकात कुठेच बसत नाही.

त्याच संस्थेच्या १९९८ च्या सुधारित मार्गदर्शिकेने मुळांची खोली ०.६ ते ०.९ मीटर धरून उपलब्ध ओलीपैकी सुमारे ४५ टक्के संपण्याआधी पाणी द्यावे, असा निकष दिला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय प्रारूपात जमिनीवरून उडणारे आणि पानांतून जाणारे पाणी वेगळे मोजले गेले. ही फोड आणखी तीस वर्षे आधी व्हायला हवी होती.

पैदासकारांनी या काळात दुसरी वाट धरली. त्यांनी मेक्सिकोच्या कोरड्या पठारावरील वाणांचा मध्य अमेरिकेतील सखल भागातल्या वाणांशी संकर केला आणि सुरुवातीला खोल मुळांवर भर दिला. पण पाणी कमी पडल्यावर पाने आणि खोडातील अन्न शेंगांकडे न वळवणारे वाण, मुळे कितीही खोल गेली तरी, दाण्याला कमीच पडतात, असे त्यांना आढळले.