'आटपाट नगर' यायच्या आधी

श्रावणातली कहाणी 'आटपाट नगर होतं' इथून सुरू होते, असं आपण सगळेच सांगतो. ते पुरतं खरं नाही. त्याआधी एक वाक्य असतं: 'ऐका आदित्यराणूबाई, तुमची कहाणी.' दिव्याच्या अवसेला दीपकादेवीला अशीच हाक, गौरी आल्या की महालक्ष्मीला. माजघरात हातात अक्षता धरून बसतात बायका आणि पोरं. सांगणारी मात्र बोलते देवतेशी, आणि तिलाच तिची गोष्ट ऐकवते.

कोकणात याला महिनाही नेमका सापडला आहे. लावणी उरकलेली, नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या झापांनी शाकारून वर ओढलेल्या. हाताला काम कमी, बाहेर पाऊस.

ऐकणारा मिळणं किती महत्त्वाचं, हे आदित्यराणूबाईच्या कहाणीतच आहे. राजाच्या राणीला कहाणी सांगायची असते, पण उपाशी माणूस हवा. 'करा रे हाकारा, पिटा रे डांगोरा' झालं तरी नगरात कोणी मिळत नाही. वाटेत मोळीविक्या भेटतो, तोही आधी कुरकुरतो. मग सहा मोत्यांपैकी तीन त्याच्या हाती, तीन राणीच्या. तिने मनोभावे सांगितली, त्याने चित्तभावे ऐकली, आणि लाकडाची मोळी सोन्याची झाली. पुढे माळी, मग म्हातारी. अर्धी कहाणी श्रोता शोधण्यातच जाते! मला तरी सगळ्या कहाण्यांत हीच जास्त आवडते.

आता नगर. आपली गोष्ट 'केव्हा' यापेक्षा 'कुठे' यावर पाय रोवते, आणि ही सवय जुनी आहे. पंचतंत्रात 'अस्ति दाक्षिणात्ये जनपदे महिलारोप्यं नाम नगरम्' असं नाव-गाव येतं. जातककथांत ठरीव वाक्य आहे, पूर्वी वाराणसीत ब्रह्मदत्त राज्य करत असताना. आणि अशाच एका सुरुवातीत आपला किनाराही आहे. दिव्यावदान या संस्कृत बौद्ध कथासंग्रहातल्या पूर्णाच्या कथेत सूर्पारक नगरात भव नावाचा धनाढ्य गृहस्थ राहत असतो. सूर्पारक म्हणजे वसईजवळचं सोपारा. अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे तिथे मिळाले, आणि 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला. म्हणजे कथेतल्या नगराकडे आज लोकल गाडीने जाता येतं.

कहाणीने मात्र पत्ता पुसून टाकला. 'आटपाट' कुठल्याच वाटेवर लागत नाही, म्हणून ते रेवदंड्यालाही आपलं आणि वेंगुर्ल्यालाही. किंकेड या इंग्रज अधिकाऱ्याने 1914 मध्ये या कहाण्या इंग्रजीत छापल्या, तेव्हा त्याने 'आटपाट' हे गावाचंच नाव धरलं. हसू येतं, पण लहानपणी आपण दुसरं काय समजत होतो?

पोरांच्या गोष्टीला ना हाक लागते, ना नगर. 'एक होता काऊ, एक होती चिऊ', की झालं. शेणाच्या आणि मेणाच्या घराची ही गोष्ट तेराव्या शतकातल्या लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या तोंडी आहे. तिथे चिमणीच्या जागी साळई, म्हणजे साळुंकी येते. मालवणीत तोच आरंभ 'एक होतो राजा' असा होतो. घाटावरच्या पाहुण्याला वाटतं, सांगणारा स्वतःच कधीकाळी राजा होता.

सिंधुदुर्गात मोठ्यांच्या गोष्टी इतक्या लवकर मुद्द्याला येत नाहीत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरून रामायण-महाभारतातली आख्यानं लावतात, तीही गणपती-सरस्वतीच्या वंदनानंतर. (तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.) दशावतारात तर आख्यानाआधी आडदशावतार: ऋद्धी-सिद्धींसह गणपती, मोरावरची सरस्वती, भटजी, आणि मग वेद चोरणारा काळा संकासुर. त्याची मालवणी थट्टा संपेपर्यंत रात्र बरीच सरलेली असते आणि पुढच्या रांगेतली पोरं आडवी झालेली असतात.

कोकणात देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं ही काही गोष्ट नव्हे, पण सुरुवात तीच, 'बा देवा म्हाराजा' ही हाक. नंतर प्रत्येक मागण्यावर जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. देवाने ऐकलं की नाही ते पुढे कळेल, माणसांनी ऐकल्याची पावती लगेच मिळते. घरात तेच काम 'हुं' करतो. दिवा मालवल्यावर आजी गोष्ट सांगते आणि काळोखातून हुंकार येत राहतो. तो थांबला की ती दोन वाक्यं जास्तीची सांगून बघते. तरी 'हुं' आला नाही, तर राजा रात्रभर रानातच राहतो.