फाइल वाचता आली, म्हणजे ती बरोबर आहे असं नाही

लातूरच्या एका आडत दुकानाच्या हिशोबपट्ट्यांचा सर्व्हर मी सांभाळायचो. दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक वाढली. दिवसाचा हिशोब काढायला मिनिटाच्या वर वेळ लागू लागला आणि तो अर्ध्यातच तुटू लागला. टाइमआउट, म्हणजे काम पुरं व्हायची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा, तर आम्ही 120 सेकंद करून ठेवला होता, तरी सर्व्हर 30 सेकंदांत थांबायचा. शोधता शोधता दोन दिवस गेले. कॉन्फिगरेशनच्या, म्हणजे सर्व्हरची सेटिंग लिहिलेल्या, फाइलीत टाइमआउटच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं एक अक्षर गळलं होतं. ते नाव सर्व्हरच्या ओळखीचं नव्हतं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं आणि मूळचा 30 चा आकडा धरला. सोबत काम करणारा पोरगा म्हणाला, "दादा, फाइल तर सर्व्हरनं वाचली की. चुकीची असती तर तो चालूच झाला नसता ना?"

हा गैरसमज त्याच्या एकट्याचा नाही. जेसॉन म्हणजे अशी फाइल लिहायची एक ठरलेली पद्धत आणि स्कीमा म्हणजे त्या फाइलीत कुठल्या नावापुढं काय चालेल हे सांगणारा नमुना. फाइल जेसॉनच्या नियमात बसणं वेगळं आणि स्कीमात बसणं वेगळं.

आपल्याकडच्या सातबाऱ्यावरून हे चटकन कळतं. गाव नमुना सात हा एक ठरलेला नमुना आहे: गट क्रमांक, भोगवटादाराचं नाव, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र. आता क्षेत्राच्या रकान्यात कुणी "लिंबाच्या झाडाकडचं रान" असं लिहिलं, तर मराठी म्हणून त्यात काहीच चूक नाही. वाचणाऱ्याला अर्थही कळतो. तरी ती नोंद चालणार नाही, कारण तिथं आकडा हवा. आणि आरच्या जागी 140 लिहिले तर? आकडा आहे, पण 100 आर झाले की एक हेक्टर होतो, म्हणून तिथं 99 च्या पुढं जाता येत नाही. भाषा शुद्ध असणं, रकान्यात योग्य प्रकारची गोष्ट असणं आणि ती मर्यादेत असणं या तीन वेगळ्या तपासण्या आहेत. जेसॉन वाचणारा प्रोग्रॅम यातली फक्त पहिली करतो. बाकीच्या दोन स्कीमाकडे.

जेसॉनचे नियम थोडे आहेत. 2017 सालच्या आरएफसी 8259 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात ते सगळे मावतात. कंस जुळले पाहिजेत, नावं दुहेरी अवतरणात पाहिजेत, शेवटच्या नोंदीनंतर स्वल्पविराम चालत नाही, टिपण लिहायची सोय नाही. पोर्टच्या, म्हणजे सर्व्हर ज्या क्रमांकावर जोडणी घेतो त्याच्या, जागी 70000 लिहिलं तरी जेसॉनची तक्रार नसते. पोर्ट 65535 च्या पुढं जात नाही, कारण तो क्रमांक 16 बिटांत मांडलेला असतो. पण हे जेसॉनला माहीत असायचं कारणच नाही. ते स्कीमात लिहावं लागतं: पोर्ट हा पूर्णांक, किमान 1, कमाल 65535. अवतरणात लिहिलेलं "8080" आणि नुसतं 8080 यांतला फरकही तिथंच पकडला जातो. पहिला मजकूर आहे, दुसरा आकडा.

इथवर बहुतेकांच्या ध्यानात येतं. खरी फसगत स्कीमा लिहिताना होते. जेसॉन स्कीमात, म्हणजे जेसॉन फाइलींचा स्कीमा लिहायच्या रूढ पद्धतीत, 'प्रॉपर्टीज' या शब्दाखाली आपण होस्ट (सर्व्हरचा पत्ता), पोर्ट, टाइमआउट अशी यादी देतो आणि समजतो की आता या तिन्ही गोष्टी फाइलीत असल्याच पाहिजेत. तसं नसतं. ती यादी एवढंच सांगते, की हे नाव आलं तर त्याची किंमत, म्हणजे त्यापुढचा आकडा किंवा मजकूर, अशी असावी. नाव आलंच पाहिजे यासाठी 'रिक्वायर्ड' ही वेगळी यादी लागते. ती दिली नाही तर पूर्ण रिकामा ऑब्जेक्टही, म्हणजे आत काहीच नसलेली कंसांची जोडीही, बिनतक्रार पास होतो.

उलट बाजूनंही दार उघडंच असतं. यादीत नसलेलं नाव आलं तर जेसॉन स्कीमा ते अडवत नाही. 'अ‍ॅडिशनल प्रॉपर्टीज' ला स्पष्ट 'फॉल्स' लिहिलं, तरच अनोळखी नाव नाकारलं जातं. ही एक ओळ असती तर आमचे ते दोन दिवस वाचले असते. सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनसाठी ती असलीच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हातानं लिहिलेल्या फाइलीत स्पेलिंगच्या चुका सहज होतात.

'डीफॉल्ट' चंही, म्हणजे काही लिहिलं नाही तर धरायच्या किमतीचंही, तसंच. स्कीमात टाइमआउटचं डीफॉल्ट 120 लिहिलं म्हणून फाइलीत 120 येत नाही. जेसॉन स्कीमाच्या लेखी ती फक्त माहिती आहे. किंमत भरायची की नाही हे वापरणाऱ्या प्रोग्रॅमनं ठरवायचं. कुबरनेटिसमध्ये (अनेक सर्व्हरवरचे प्रोग्रॅम सांभाळणारी प्रणाली) मात्र आपण स्वतः घडवलेल्या रिसोर्सच्या, म्हणजे नोंदींच्या नव्या प्रकाराच्या, स्कीमातलं डीफॉल्ट खरोखर भरलं जातं आणि अनोळखी नावं साठवण्याआधी गाळून टाकली जातात. एकाच शब्दाचं वागणं दोन ठिकाणी दोन तऱ्हेचं, म्हणून आपलं साधन काय करतं हे आधी तपासून घ्या.

यॅमल या कॉन्फिगरेशन लिहायच्या दुसऱ्या पद्धतीत लिहीत असाल तर आणखी एक गोष्ट. यॅमल 1.1 च्या नियमानं चालणाऱ्या प्रोग्रॅमला अवतरणाशिवाय लिहिलेलं 'नो' हे इंग्रजी अक्षर-जोडपं मजकूर वाटत नाही, तो त्याचा अर्थ 'फॉल्स' असा लावतो. नॉर्वेचा दोन अक्षरी देश-संकेतही तोच. फाइल शुद्ध, वाचणाराही नियमानंच वागला, तरी हातात भलतीच किंमत. स्कीमात 'इथं मजकूरच हवा' असं लिहिलेलं असेल तर ही चूक सर्व्हर चालू होण्याआधी सापडते.

त्या पोराला मी शेवटी सांगितलं, की स्कीमाची नजरही फाइलीच्या बाहेर जात नाही. सर्टिफिकेटच्या (सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या) फाइलीचा पत्ता मजकूर म्हणून बरोबर असेल, पण त्या ठिकाणी सर्टिफिकेट आहे का, किंवा 8080 या पोर्टवर आधीच दुसरा कुठला प्रोग्रॅम बसलाय का, हे तिला दिसत नाही. त्यासाठी सर्व्हरची स्वतःची तपासणी लागते. एनजिन-एक्स या वेब सर्व्हरला 'टी' हा पर्याय देऊन चालवलं, की तो आधी कॉन्फिगरेशनची रचना तपासतो आणि मग त्यात नाव असलेल्या फाइली उघडून बघतो.