मुरगळलेला घोटा आधी चाचपायचा, मग चोळायचा की नाही ते बघायचं

कबड्डीत चढाईपटूचा घोटा कोपरारक्षकाच्या हाती लागला, अंग एकीकडे आणि पाऊल दुसरीकडे वळलं, की मैदानाबाहेरचे निम्मे जण चोळायला धावतात आणि उरलेले स्प्रे शोधतात. ठाण्यात कबड्डी मुरलेली आहे, त्यामुळे असे घोटे इथल्या फिजिओंना चांगलेच ओळखीचे. त्यांत येऊरचा चढ धावून टाच दुखवून घेतलेल्यांची भर. क्रीडा-फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलामुलींचे हातही सुरुवातीला असेच शिवशिवतात. पहिला धडा मात्र चाचपण्याचा असतो.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, त्याचं टोक आणि मागची कड बोटाने दाबून बघायची. आतल्या बाजूलाही तसंच. मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर, करंगळीच्या रेषेत मध्यावर लागणारा हाडाचा उंचवटा, आणि आतून कमानीच्या वरचं हाड. यांपैकी कुठे हाडावर दाबल्यावर कळ आली, किंवा दुखापत झाल्या झाल्या आणि तपासतानाही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलंही धरतात. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी हे नियम 1992 मध्ये मांडले आणि उगाच काढले जाणारे एक्स-रे त्यामुळे बरेच कमी झाले.

हाड शाबूत असेल तर बहुधा दुखावलेला असतो तो घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा पुढचा अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी जोडणारी चिवट पट्टी. तो नुसता ताणलाय की तुटलाय? एका हाताने नडगी धरायची, दुसऱ्याने टाच पुढे ओढायची. दुसऱ्या पायापेक्षा पाऊल जास्त सरकलं तर तुटल्याचा संशय. पण ही चाचणी त्याच दिवशी केली तर फसवते, कारण सूज आणि कळ यांमुळे खेळाडू पाय आवळून धरतो. चार-पाच दिवसांनी तीच चाचणी कितीतरी खात्रीची होते, हे नेदरलँड्समधल्या संशोधनातून 1990 च्या दशकात पुढे आलं. मला विचाराल तर चाचणीपेक्षा घरच्यांना थांबायला लावणं अवघड. त्यांना पहिल्याच संध्याकाळी एमआरआय हवा असतो.

बर्फाचं थोडक्यात. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं हे सूत्र अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी 1978 मध्ये रूढ केलं, आणि साडेतीन दशकांनी त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती बरं होणं लांबवू शकतात. सूज ही दुरुस्तीचीच पहिली पायरी असते. कळ कमी करायला थोडा वेळ बर्फ लावायला हरकत नाही, एवढंच.

खरा कस लागतो कंडरांपाशी, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट तंतूंपाशी. स्नायू लवकर भरून येतो. त्याला रक्तपुरवठा भरपूर आणि दुरुस्तीसाठी राखीव पेशीही जवळच. टाचेमागची कंडरा मात्र वेगळीच. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला आणि पुढे हळूहळू उतरत गेला. तो अन्नातून शरीरात येतो, त्यामुळे एखादी ऊती कधी घडली याची तारीखच तिच्यात नोंदली जाते. डेन्मार्कच्या संशोधकांनी 2013 मध्ये टाचेच्या कंडरांतला हा कार्बन मोजला. गाभ्यातला कार्बन त्या माणसाच्या पहिल्या सतरा वर्षांतल्या हवेशी जुळला. स्नायूतला मात्र अलीकडच्या हवेशी. म्हणजे पन्नाशीत येऊर चढणारा माणूस शाळेत असताना घडलेल्या कंडरेवर धावतो.

मग अशी कंडरा दुखू लागली तर करायचं काय? स्वीडनचे शल्यविशारद होकन आल्फ्रेडसन यांची स्वतःची टाच दुखत होती. कंडरा तुटलेली नसताना शस्त्रक्रिया करायला वरिष्ठ तयार होईनात, म्हणून ती पुरती बिघडावी या हेतूने त्यांनी तिच्यावर भार टाकायला सुरुवात केली आणि दुखणं गेलं, असा किस्सा ते सांगतात. 1998 मध्ये त्यांनी पंधरा धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं राहून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम दिला: रोज 180 वेळा, बारा आठवडे. पंधराही जण पुन्हा धावू लागले. प्रयोग छोटाच, पण पुढच्या उपचारांची दिशा त्याने बदलली. कंडरेला बळ येतं ते भाराने. मशीनच्या शेकाने तेवढा वेळ बरं वाटतं.

भार किती, हे ठरवणं हीच शिकाऊ फिजिओची रोजची परीक्षा. यासाठी एक साधा हिशेब वापरतात. दुखण्याला शून्य ते दहा गुण द्यायचे. व्यायामात पाचपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते उतरलं पाहिजे. उतरलं नाही तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला. ‘अजिबात दुखू द्यायचं नाही’ असं सांगणारा फिजिओ लोकांना आवडतो, पण त्याचे पेशंट महिनोन्‌महिने येत राहतात.

खेळायला सोडण्याआधी एका पायावर लांब उडी मारून घेतात. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी, असा प्रघात आहे. घोट्याचा तोल हा वेगळा विषय. अस्थिबंधात सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी चेताटोकं असतात, आणि अस्थिबंध ताणला की तीही दुखावतात. सूज उतरलेला घोटा म्हणूनच पुन्हा मुरगळतो. त्यावर दात घासताना एका पायावर उभं राहणं, मग तेच डोळे मिटून, असे व्यायाम असतात. ते फुकट आहेत आणि कंटाळवाणे आहेत, त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात बहुतेक जण सोडून देतात.