बडोदे संस्थानातील जबाबदार राज्यपद्धती

गायकवाडांच्या बडोदे संस्थानातील राजसत्ता लोकप्रतिनिधींना उत्तरदायी होत गेल्याची ही प्रक्रिया स्थूलमानाने १८७५ ते १९४९ या काळातील आहे.

सुरुवातीला राजाला जाब विचारणारी एकच सत्ता होती, ती इंग्रजांची. रेसिडेंट (दरबारातील इंग्रज सरकारचे प्रतिनिधी) कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोगाचा कट केल्याच्या आरोपावरून तेव्हाचे महाराज मल्हारराव गायकवाड यांची चौकशी झाली. आयोगात तीन इंग्रज व तीन हिंदी सदस्य होते. हिंदी सदस्यांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि सर दिनकरराव होते. इंग्रज सदस्यांनी मल्हाररावांना दोषी मानले, हिंदी सदस्यांना आरोप सिद्ध वाटला नाही. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराचे कारण देऊन त्यांना गादीवरून काढण्यात आले. तो गैरकारभार ज्या रयतेने सोसला, तिचे मत कोणी घेतले नाही.

पूर्वीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांनी दत्तक घेतलेले कवळाण्याचे गोपाळराव म्हणजे सयाजीराव तिसरे (कार. १८७५–१९३९). त्यांनी सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये संस्थानभर लागू केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धारासभा (विधिमंडळ) स्थापन झाली. मात्र तिचा अधिकार सल्ल्यापुरताच होता. दिवाणाची नेमणूक महाराज करीत आणि दिवाण त्यांनाच जबाबदार असे. सयाजीरावांच्या सुधारणा थोर होत्या, पण त्या वरून आलेल्या होत्या, हे त्यांच्याविषयी आदर बाळगूनही नोंदवले पाहिजे. दरबारात आणि वरिष्ठ नोकरवर्गात मराठी मंडळींचा भरणा, तर बहुसंख्य प्रजा गुजराती. त्यामुळे प्रतिनिधित्वाचा प्रश्न येथे अधिक तीव्र होता. १९१६ च्या सुमारास निघालेल्या प्रजामंडळाने (प्रजेच्या हक्कांसाठीची संघटना) पुढे जबाबदार राज्यपद्धतीची मागणी लावून धरली. सयाजीरावांच्या शिक्षणप्रसारातून शिकलेली पिढीच ती मागणी करू लागली.

सयाजीरावांचे नातू व वारस प्रतापसिंहराव यांच्या कारकिर्दीत १९४८ मध्ये डॉ. जीवराज मेहता यांचे लोकप्रतिनिधींचे मंत्रिमंडळ आले. महाराजांनी खजिन्यातून काढलेल्या मोठ्या रकमांचीही चौकशी झाली. राजाचा खासगी खर्च आणि राज्याचा पैसा वेगळा, हे तत्त्व येथे खुद्द गादीवरील राजाला लागू झाले. परंतु या मंत्रिमंडळाला फारच थोडा अवधी मिळाला. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले.

१९५१ मध्ये केंद्र सरकारने प्रतापसिंहरावांची महाराज म्हणून असलेली मान्यता काढून घेतली आणि पुत्र फत्तेसिंहरावांना वारस मानले. १९५७ मध्ये फत्तेसिंहराव काँग्रेसच्या उमेदवारीवर बडोद्यातून लोकसभेवर निवडून गेले. जीवराज मेहता १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.