कूलरखालची उधई

गेल्या मे महिन्यात मावसभावासोबत नागपूरच्या महाल भागातलं एक जुनं घर पाहायला गेलो होतो. आखीव पत्रिका, म्हणजे मालमत्तेचा सरकारी उतारा, तपासून झाली होती, वास्तुतज्ज्ञही येऊन गेला होता. उधईचं, म्हणजे वाळवीचं, विचारलं, तर घरमालक म्हणाले, ‘‘नागपूरच्या उन्हात कुठची उधई राहते जी!’’ हा समज इतक्या घरांत ऐकलाय, की त्यावर लिहायलाच हवं.

उन्हात उधई टिकत नाही हे खरंच आहे. ती झुरळाची जवळची नातलग, पण झुरळासारखं जाड कवच तिला नाही. शिवाय अंग इवलंसं. १ सेंटिमीटर बाजूचा घन घ्या : पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर, घनफळ १ घन सेंटिमीटर, गुणोत्तर ६. बाजू १ मिलिमीटर केली, की तेच गुणोत्तर ६० होतं. पाण्याचा साठा घनफळावर ठरतो आणि गळती पृष्ठफळावर. म्हणजे कोरड्या हवेत तिचा जीव फार लवकर सुकतो.

म्हणून ती उघड्यावर येणं टाळते. माती, लाळ आणि विष्ठा कालवून पेन्सिलीएवढ्या जाडीची नळी बांधते. नळीतली हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. त्वचेच्या आतला आणि बाहेरचा बाष्पदाब सारखा झाला, की बाष्पीभवन नाममात्र उरतं. भिंतीवरची ती मातीची रेघ म्हणजे जमिनीतली ओल वर चढवणारी वाट! आपली काळी माती वरून भेगाळते, पण खाली ओल धरून असते. जोत्यात जेमतेम १ मिलिमीटरची फट मिळाली, तरी उधई आत शिरते.

वरची ओल आपणच पुरवतो. खिडकीतला कूलर उन्हाळाभर पाझरतो आणि खालची भिंत, चौकट भिजत राहते. घर पाहताना आधी तिथे वाकून बघा, मग न्हाणीघराच्या चौकटीचा तळ. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, की पोखरलेलं लाकूड पोकळ वाजतं. खाली बारीक पीठ सांडलं असेल, तर ते बहुधा घुणाचं, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याचं काम. ‘सागवान आहे, लागत नाही’ हेही अर्धंच खरं. सागाच्या गाभ्यातलं टेक्टोक्विनोन नावाचं रसायन उधईला मानवत नाही, पण सालीजवळच्या पांढरट लाकडाला ते संरक्षण नसतं. भिंतीलगत फरशीत फूटफूट अंतरावर बुजवलेली बारीक भोकं दिसली, तर तिथे आधी औषध सोडलं गेलंय. केव्हा आणि का, ते विचारा.

वास्तुदोषाने उधई होते असं सांगून शांतीचे पैसे उकळले जातात, याचा मला मनापासून राग येतो. पाणी, लाकूड आणि वाट मिळाली, की ती कोणत्याही दिशेच्या खोलीत येते.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ सांगतं, की विकणाऱ्याला ठाऊक असलेला, पण घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने सांगायलाच हवा. समोर दिसणाऱ्या नळीसाठी मात्र या कलमाचा आधार मिळणं कठीण, म्हणून आपणच नीट बघायचं.

आम्हाला कूलरच्या खिडकीखाली नळी सापडली. वरून कोरडी ठणठणीत. घरमालक म्हणाले, जुनी आहे. त्यांच्या परवानगीने मधला दोन बोटं तुकडा काढला, दोन्ही टोकं तशीच ठेवली. तिसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा ती जागा बुजली होती आणि नवी माती बोटाला ओली लागत होती.